विनिपेगच्या यार्डात ५ ट्रक उभे आहेत, परदेशातून ६ ड्रायव्हर आणावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. विनिपेगला तुमची १४ ट्रकांची कंपनी आहे, ऑफिस आणि शॉपची माणसं धरून पगारावर २० जण आहेत. ड्रायव्हर नाहीत म्हणून ५ ट्रक यार्डात उभे आहेत आणि त्यांचे हप्ते मात्र चालू आहेत. एक एजंट म्हणतो, "३ महिन्यांत ६ लाँग हॉल, म्हणजे लांब पल्ल्याचे, ड्रायव्हर भारतातून आणून देतो. खर्च ड्रायव्हरच करतील, तुम्ही फक्त सह्या करा." हो म्हणावं का?

या माणसाला नाही म्हणा, आणि आजच म्हणा. परदेशी ड्रायव्हर आणूच नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. गेली १३ वर्षं मी प्रेअरी प्रांतांतल्या, म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टातल्या, ट्रकिंग कंपन्यांत भरती आणि सेफ्टी बघते, त्याआधी डिस्पॅचला, म्हणजे ड्रायव्हरांना लोड लावून द्यायच्या कामाला, होते. बाहेरून आणलेले काही ड्रायव्हर आज आमचे सगळ्यात भरवशाचे आहेत, आणि काही जण पहिला बर्फ वितळायच्या आत निघून गेले. दोन्हींत फरक का पडला ते सांगते. मी वकील नाही, परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारही नाही. अर्जासाठी तुम्हाला तसा कुणीतरी गाठावाच लागेल. मी सांगतेय ते अर्जाच्या आधीचं आणि नंतरचं.

आधी त्या एजंटचं. 'खर्च ड्रायव्हरच करतील' या तीन शब्दांतच सगळं आलं. कॅनडात परदेशी कामगार आणायचा नेहमीचा रस्ता म्हणजे एलएमआयए. त्या जागेसाठी इथे माणूस मिळत नाही, हे तुम्ही सरकारला दाखवायचं आणि सरकारने ते मान्य करायचं. त्याची फी दर जागेला १००० डॉलर आहे. ती मालकाने भरायची, ड्रायव्हरकडून सरळ किंवा आडवाटेने वसूल करायची नाही. भरतीचा खर्चही तसाच. तुमच्या मॅनिटोबा प्रांतात तर २००९ पासून यासाठी वेगळा कायदा आहे: परदेशी माणूस शोधण्याआधी मालकाने प्रांताकडे नोंदणी करायची आणि कामगाराकडून भरतीचे पैसे कुणीच घ्यायचे नाहीत. फी घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायलासुद्धा वकील किंवा परवानाधारक सल्लागारच लागतो. हा एजंट त्यातला कोणी आहे का, ते विचारलंत?

तो ड्रायव्हरकडून किती घेतो, ते तुम्हाला कधीच कळणार नाही. पण विमानातून उतरणारा माणूस घर गहाण टाकून आलेला असेल. तो पहिल्या दिवसापासून झोप मारून गाडी चालवायला बघेल, आणि दुसरीकडे चार पैसे जास्त दिसले की जाईल. उद्या चौकशी लागली तर सह्या तुमच्या आहेत. एका उल्लंघनाला १ लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो, आणि पुन्हा परदेशी कामगार आणायला बंदी येते ती वेगळीच. अर्जात खोटं सापडलं तर ड्रायव्हरलाही ५ वर्षं कॅनडाचं दार बंद.

आता आकड्यावर येऊ, कारण तुमचे ६ ड्रायव्हर बहुधा इथेच अडतील. एलएमआयएचे दोन प्रवाह आहेत, जास्त वेतनाचा आणि कमी वेतनाचा. दोन्हींमधली रेष नोव्हेंबर २०२४ पासून प्रांताच्या मध्यक वेतनाच्या (निम्म्या लोकांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतं, त्या वेतनाच्या) २० टक्के वर सरकवली आहे. माझ्या पाहण्यात बहुतेक लाँग हॉल नोकऱ्यांचा ताशी दर त्या रेषेच्या खालीच भरतो. खाली भरला की कमी वेतनाचा प्रवाह, आणि सप्टेंबर २०२४ पासून त्याचे नियम चांगलेच आवळले आहेत. एका कामाच्या ठिकाणी कमी वेतनाचे परदेशी कामगार १० टक्क्यांहून जास्त नकोत. तुमच्याकडे २० माणसं आहेत, म्हणजे २. आधीच कोणी असा कामगार असेल तर तोही त्यातच मोजला जातो. शिवाय परमिट जास्तीत जास्त १ वर्षाचं. ज्या महानगर क्षेत्रात बेकारी ६ टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तिथले असे अर्ज हातातच घेत नाहीत. ही यादी दर तिमाहीला बदलते, म्हणून विनिपेग त्यात आहे की नाही ते अर्ज टाकायच्या आठवड्यात बघा. गेल्या वर्षी कोणीतरी काय सांगितलं होतं, ते धरून चालू नका. याच प्रवाहात येण्याजाण्याचं भाडं, परवडेल असं घर आणि प्रांताचा आरोग्य विमा सुरू होईपर्यंत खाजगी विमा, हे सगळं मालकाकडे येतं.

पगार रेषेच्या वर नेलात तर १० टक्क्यांची मर्यादा आणि १ वर्षाची अट सुटते. त्याबदल्यात इथली माणसं पुढे कशी तयार करणार, याची योजना लिहून द्यावी लागते, आणि नंतर तिचा हिशेबही मागतात. पण मग जुन्या ड्रायव्हरांचं काय? नव्या माणसाला जास्त आणि दहा वर्षं राबलेल्याला कमी, हे यार्डात दोन दिवससुद्धा लपत नाही. हा प्रश्न आधी सोडवा, अर्जाचं नंतर बघा.

आता माझा मूळ मुद्दा. परमिट आणि लायसन्स ही दोन वेगवेगळी घड्याळं आहेत, आणि सगळी फसगत या दोघांना एक समजण्यातून होते. एजंट परमिटच्या घड्याळाबद्दल बोलतो. तुमचे हप्ते दुसऱ्या घड्याळावर चालतात.

भारतातलं जड वाहनाचं लायसन्स दाखवून मॅनिटोबात क्लास १, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकचं लायसन्स, मिळत नाही, मग तो माणूस २० वर्षं ट्रेलर ओढत असो. आधी साधं कारचं क्लास ५ काढायचं, मग लेखी परीक्षा, एअर ब्रेकचा भाग, मेल्ट, म्हणजे नव्या ड्रायव्हरचं सक्तीचं प्रशिक्षण, आणि शेवटी रोड टेस्ट. मॅनिटोबात मेल्ट १ सप्टेंबर २०१९ पासून आहे आणि ते १२१.५ तासांचं आहे. ऑन्टॅरिओने २०१७ मध्येच १०३.५ तासांचं सुरू केलं होतं. प्रेअरी प्रांत जागे झाले ते हम्बोल्टच्या अपघातानंतर. ६ एप्रिल २०१८ ला सस्कॅचेवानमध्ये एका सेमी ट्रकने चौकातलं थांब्याचं चिन्ह ओलांडलं आणि हॉकी संघाच्या बसशी धडक होऊन १६ जण गेले. त्या ड्रायव्हरला कामावर येऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. या धंद्यात भरतीचं काम करणारा कुणीही तो दिवस विसरलेला नाही. कोणी "चार दिवसांत गाडीवर बसवू" म्हटलं की माझा आवाज चढतो, तो त्यामुळे.

लायसन्स हातात आलं म्हणजे ड्रायव्हर तयार झाला, असंही नाही. तुमची विमा कंपनी विचारेल, उत्तर अमेरिकेतला अनुभव किती? शून्य. मग कोणत्या अटीवर त्याला गाडी देता येईल, हे तिच्याकडून लेखी घ्या, आणि जाहिरात टाकायच्या आधी घ्या. आमच्याकडे नव्या माणसाला ६ ते ८ आठवडे जुन्या ड्रायव्हरशेजारी बसवतो. त्याला फिनिशिंग म्हणतात. तोवर तो कमावत नाही, शिकतो.

हिशेब सगळा मिळून असा लागतो. किमान ४ आठवडे जाहिरात, तीही जॉब बँकेवर, म्हणजे सरकारच्या नोकऱ्यांच्या वेबसाइटवर, आणि आणखी दोन ठिकाणी. मग एलएमआयएचा निकाल. मंजुरीचं पत्र ६ महिनेच चालतं, तेवढ्यात ड्रायव्हरने परमिटचा अर्ज टाकायला हवा. मग बायोमेट्रिक्स, मेडिकल, व्हिसा. तो आला की क्लास ५, मेल्ट, टेस्टची तारीख, फिनिशिंग. आल्या दिवसापासून एकट्याने पहिला लोड घेऊन निघेपर्यंत ४ ते ६ महिने धरा. आता हे त्या १ वर्षाच्या परमिटशेजारी ठेवून बघा. अर्धं वर्ष शिकण्यात गेलं, उरलेल्या अर्ध्यात पुढच्या एलएमआयएची धावपळ. कमी वेतनाच्या प्रवाहातून संपूर्ण नवखा लाँग हॉल ड्रायव्हर आणणं हा आजच्या नियमांत तोट्याचा सौदा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातही तो कुठल्या महिन्यात येतो, यावर बरंच ठरतं. एप्रिलमध्ये आलेला माणूस ऑक्टोबरपर्यंत हात बसवून घेतो. सप्टेंबरमध्ये आलेल्याची पहिली एकट्याची ट्रिप जानेवारीत पडते.

जानेवारी म्हणजे काय, ते एका सकाळीवरून सांगते. आमच्याकडे एक ड्रायव्हर आखातातून आला होता, तिथे १६ वर्षं ट्रेलर चालवलेला. हात इतका साफ की डॉकला गाडी एका दमात लावायचा. पहिल्या थंडीत रात्री ओल्या रस्त्यावरून आला आणि सवयीप्रमाणे पार्किंग ब्रेक ओढून झोपला. रात्री उणे ३०. ब्रेकचे ड्रम गरम, शू ओले, थंड होताना दोन्ही एकमेकांना चिकटले. सकाळी त्याने गाडी काढली, ट्रॅक्टर पुढे गेला, ट्रेलरही मागे आला. पण ट्रेलरच्या मागच्या एका ॲक्सलची चाकं फिरत नव्हती, बर्फावरून नुसती घसरत होती. बर्फावर ते जाणवतही नाही. नशिबाने माझा जुना ट्रेनर फाटकाशी कॉफी घेऊन उभा होता. त्याने हात वर करून थांबवलं, ट्रेलरखाली वाकून हातोड्याने ड्रमवर चार ठोके घातले, बर्फ खळकन सुटला. तसाच डांबरी रस्त्याला लागला असता तर त्या टायरांना सपाट चट्टे पडले असते, किंवा टायर फुटलेच असते. त्या दिवसापासून तो गडी गाडी हलवली की पहिले ५० फूट दोन्ही आरशांत चाकं बघत जातो. थांबण्याआधी ब्रेक थोडे चेपून कोरडे करायचे, एअर टँकमधलं पाणी काढायचं, हे कुठल्याच परीक्षेत कोणी इतकं नीट शिकवत नाही. ते शेजारी बसलेला माणूस शिकवतो.

म्हणून परदेशी ड्रायव्हर किती आणायचे हे उभ्या ट्रकांवरून ठरवू नका, ट्रेनरवरून ठरवा. तुमच्याकडे शिकवणारा एकच माणूस असेल तर एका वेळी एकच शिकाऊ. आणि चांगला ड्रायव्हर म्हणजे चांगला ट्रेनर, असं मुळीच नाही. मी एक असा बघितलाय जो दोन हजार किलोमीटरमध्ये शिकाऊशी दोन वाक्यं बोलला, त्यातलं दुसरं "उतर" होतं.

माणूस कसा निवडायचा, हे मी एका चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कंपनीत असताना आम्ही एजंटने पाठवलेल्या कागदांवर विसंबून एकाला घेतलं. अनुभवाचं पत्र ११ वर्षांचं, शिक्के व्यवस्थित. यार्डात त्याला ट्रॅक्टर ट्रेलरखाली घ्यायला सांगितलं तेव्हा तो गाडीभोवती अगदी बरोबर फिरला. टायरला ठोकून बघितलं, दिवे बघितले, तेल बघितलं. मग ड्रायव्हरच्या दाराशी येऊन थांबला. वर चढेचना. तो ११ वर्षं ट्रकवर होता हे खरंच होतं, पण क्लीनर म्हणून. पत्रात एजंटने शब्द बदलला होता आणि त्यासाठी त्याच्याकडून पैसेही घेतले होते. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. ती चूक माझीही होती, कारण मी त्याच्याशी एकदाही स्वतः बोलले नव्हते.

आता मी प्रत्येकाशी व्हिडिओवर पाऊण तास बोलते आणि कागदाबद्दल जवळपास काहीच विचारत नाही. शेवटचा ब्रेकडाऊन कुठे झाला, काय केलंस? माल कमी भरला म्हणून भांडण झालं तेव्हा कागदावर काय लिहून घेतलंस? पाचवं चाक, म्हणजे ट्रॅक्टर आणि ट्रेलरचा जोड, नीट लागलं की नाही हे कशावरून ओळखतोस? ज्याने खरंच गाडी चालवलीय तो हात हलवून सांगायला लागतो, मध्येच थांबून "नाही, त्याआधी लँडिंग गिअर" असं स्वतःलाच दुरुस्त करतो. पाठ केलेला माणूस सरळ बोलत जातो. मग लायसन्स देणाऱ्या कार्यालयाकडून इतिहास, पगाराच्या नोंदी आणि जुन्या मालकाला फोन, तोही पत्रावरच्या नंबरवर न करता आपण शोधलेल्या नंबरवर. इंग्रजीही याच पाऊण तासात कळतं. मी ऐकते ते व्याकरण नव्हे. "डॉक सातला लाव, सील नंबर वाचून दाखव, कागदावर कमी आलेला माल लिही" हे त्याला एकदा सांगून कळतं का, तेवढं बघते.

इंग्रजीवरून सीमेचा विषय निघतो. विनिपेगचं काम उत्तर-दक्षिण चालतं. हायवे ७५ ने खाली इमर्सनला सीमा ओलांडली की अमेरिकेचा आय-२९ हायवे. तुमचे किती लोड त्या दिशेचे आहेत? भारतीय पासपोर्टवर, कॅनडाचं वर्क परमिट असलं तरी, अमेरिकेत लोड न्यायला अमेरिकेचा व्हिसा लागतो. पीआर, म्हणजे कायमचं वास्तव्य, मिळालं तरी लागतो, नागरिक होईपर्यंत सुटका नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने व्यावसायिक ट्रकचालकांना कामगार व्हिसा देणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. त्याआधी, जून २०२५ पासून, रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी पुरेसं नसलं तर ड्रायव्हरला तिथल्या तिथे खाली उतरवायला सुरुवात झाली होती, आणि कॅनडाचे ड्रायव्हरही त्यातून सुटत नाहीत. कॅनडात गांजा २०१८ पासून कायदेशीर आहे, पण अमेरिकेत जाणाऱ्या ड्रायव्हरला तिथल्या ड्रग टेस्टचे नियम लागतात, हेही नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाका. सांगायचा मुद्दा, परदेशी ड्रायव्हर हा सुरुवातीची काही वर्षं कॅनडातल्या कॅनडात चालणारा ड्रायव्हर आहे असं धरूनच गणित मांडा. टोरोंटो, कॅलगरी, व्हँकूव्हर. तुमचे ट्रक अमेरिकेच्या लोडविना उभे असतील तर हा उपाय तुमच्या दुखण्यावरचा नाही.

पगाराचं मात्र जरा सावकाश वाचा, कारण चांगले मालकसुद्धा इथेच अडकतात. आपला धंदा मैलावर पैसे देतो. एलएमआयएच्या कागदावर ताशी दर असतो आणि तपासायला येणारा अधिकारी तास मोजतो. समजा कागदावर तुम्ही २५ डॉलर तास लिहिलं आणि देता मैलाला ५५ सेंट. चांगल्या दिवशी ५०० मैल झाले तर २७५ डॉलर. पण त्या दिवशी प्री-ट्रिप म्हणजे निघण्याआधीची तपासणी, डॉकवर तीन तास ताटकळणं, डिझेल, कागदपत्रं धरून ड्युटी १३ तास झाली. २७५ भागिले १३, म्हणजे साधारण २१ डॉलर. दिवसाला ५० डॉलरची खोट. वर्षभराने कोणी ईएलडी, म्हणजे ट्रकमधल्या यंत्राने नोंदलेले ड्युटीचे तास, आणि पगाराच्या स्लिपा शेजारी शेजारी ठेवल्या की ती उघडी पडते. कागदपत्रं ६ वर्षं ठेवावी लागतात, तेव्हा विसरून जातील या भरवशावर राहू नका. आम्ही मैलाचा दर ठेवला, पण दर पगाराला तासांचा हिशेब करून कमी पडेल तेवढी भर घालतो आणि डॉकवर थांबल्याचे पैसे वेगळे देतो. ते सुरू केल्यावर डिस्पॅचरही शिस्तीत आला, कारण ड्रायव्हरला फुकट ताटकळत ठेवणं आता कंपनीला दिसायला लागलं.

आणि त्याला 'तू तुझी कंपनी काढ, आम्ही इन्व्हॉइसवर पैसे देतो' असं सांगू नका. ड्रायव्हर इन्क म्हणतात तो हाच प्रकार. एलएमआयएवर आलेला माणूस तुमचा नोकर म्हणून आलेला आहे. त्याचा कर, पेन्शन, रोजगार विमा कापून टी४, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला, द्यायचा. इथल्या ड्रायव्हरशीही हा खेळ चालतो तो चूकच, पण परमिटवाल्याशी खेळलात तर परमिटही बुडतं.

आता तो माणूस तुमच्याकडे राहील का? परमिट एका मालकाला बांधलेलं असतं म्हणून तो जाणार कुठे, असा विचार करणारे मालक मी बघितलेत. जातो. छळ किंवा पिळवणूक होत असेल तर २०१९ पासून त्याला खुलं, म्हणजे कुठल्याही मालकाकडे काम करता येईल असं, परमिट मागता येतं, आणि तसं काही नसलं तरी दुसरा मालक नवा एलएमआयए काढून त्याला नेतो. त्याला धरून ठेवते ती पीआरची वाट. ती कशी असेल हे प्रामाणिकपणे सांगा, कारण तीही बदलत राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये व्यवसायांची यादी बदलली, ट्रक ड्रायव्हर ७३३०० या कोडखाली टीअर ३ या कौशल्याच्या पातळीत आले आणि एक्सप्रेस एन्ट्रीचं, म्हणजे गुणांवर पीआर देणाऱ्या केंद्राच्या योजनेचं, दार पहिल्यांदाच किलकिलं झालं. २०२३ मध्ये वाहतुकीसाठी वेगळी निवडही झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये वाहतुकीचा तो गट यादीतून काढला आणि मार्च २०२५ मध्ये नोकरीच्या ऑफरचे गुणही गेले. त्यामुळे 'एलएमआयए घेतला की पीआर पक्का' असं म्हणणारा जुन्या नियमांवर दुकान चालवतोय. प्रांताचा रस्ता, म्हणजे पीआरसाठी प्रांताने नामांकन देणं, जास्त खरा आहे, कारण तिथे मालकाकडे काही महिने काम केलेल्याला वजन असतं. पण तिथेही कोटा असतो. शेजारच्या सस्कॅचेवानने २०२५ मध्ये ट्रकिंग आणि आणखी काही क्षेत्रं मिळून नामांकनांवर २५ टक्क्यांची मर्यादा घातली. अटलांटिक प्रांतांत एलएमआयएशिवायचा एक कार्यक्रम आहे, पण तुमचं यार्ड मॅनिटोबात असल्यामुळे तो तुमच्या कामाचा नाही.

कुटुंबाचंही विचारा. जोडीदाराला खुलं वर्क परमिट मिळण्याचे नियम जानेवारी २०२५ पासून कडक झालेत, टीअर ३ च्या सगळ्यांना ते मिळत नाही. माणूस १५ दिवस ट्रिपवर, बायको एकटी नव्या शहरात, काम नाही, गाडी नाही, मुलांची शाळा. माझ्याकडून गेलेल्या परदेशी ड्रायव्हरांपैकी पगारावरून गेलेले थोडे. बाकीचे घरामुळे गेले. एकाने राजीनाम्याच्या कागदावर एवढंच लिहिलं होतं, "मॅडम, मुलगी मला अंकल म्हणायला लागलीय."

तर तुमच्या जागी मी काय केलं असतं? पहिल्यांदा ते ५ ट्रक का उभे आहेत, हे सोडून गेलेल्या ड्रायव्हरांना फोन करून विचारलं असतं. निदान तिघे तरी फोन उचलतील. उत्तर घरी यायला मिळत नाही किंवा डॉकचे पैसे मिळत नाहीत असं आलं, तर भारतातून आलेला माणूसही त्याच कारणाने जाईल, फक्त वर्षभर उशिरा. दुसरं, कॅनडात आधीच असलेल्यांकडे बघा. शिक्षणानंतरच्या खुल्या परमिटवर असलेली कितीतरी मुलं इथलं क्लास १ घेऊन बसली आहेत, पण अनुभव नाही म्हणून कोणी घेत नाही. त्यांचं लायसन्सचं घड्याळ पूर्ण झालेलं आहे, हिवाळाही त्यांनी अंगावर काढलेला आहे. त्यांना फिनिशिंग द्या आणि त्यांचं परमिट संपत आलं की त्यांच्यासाठी एलएमआयए किंवा प्रांताचा रस्ता बघा. माझ्या मते तुमच्या आकाराच्या कंपनीला सगळ्यात कमी धोक्याचा मार्ग हाच. यातून ३ ट्रक हलतील. उरलेल्या दोनांपैकी एक विकायचा का, हेही एकदा बँकेशी बोलून बघा. ट्रक रिकामा राहू नये म्हणून माणूस शोधणं उलटं आहे.

एवढं करूनही बाहेरून माणूस आणायचा असेल तर एकाने सुरुवात करा, फार तर दोघांनी. मार्च-एप्रिलमध्ये येईल असा, तुम्ही स्वतः बोललेला, खर्च तुम्ही केलेला. पहिली एकट्याची ट्रिप कॅलगरीकडची द्या, सरळ आणि चार पदरी. नॉर्दर्न ऑन्टॅरिओचा हायवे १७, तो दोन पदरी रस्ता, रात्री आडवे येणारे मूस (घोड्याएवढी मोठी हरणं) आणि समोरून येणाऱ्या ट्रकने उडवलेल्या बर्फात काही क्षण काहीच न दिसणं, हे त्याने आधी ट्रेनरशेजारी बसून दोनदा तरी बघू दे.

आणि अर्जाला हात लावण्याआधी एक गोष्ट करा. तुमच्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात शांत ड्रायव्हरला बोलवा आणि विचारा, दोन महिने शेजारच्या सीटवर नवा माणूस घेशील का, आणि त्याचे किती घेशील? तो नाही म्हणाला, तर ते १००० डॉलर भरू नका.